पेटी चुकली की तलंग चुकली?



मागे एका गावच्या बैठकीत कापसाच्या भावाची चर्चा संपली, ठराव झाला, चहा आला. लोक उठायला लागले तेव्हा दाराजवळ बसलेली एक बाई म्हणाली, "भाऊ, एक इचारू काय? कोंबड्या दाने खातेत, पन आंडं काही देत नाहीत. घरचे म्हंतेत, इकून टाक." बैठकीत हशा पिकला. आम्हीही हसलो. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हसणे थांबवून तिच्या घरी गेलो.

अंगणात आठ तलंगा होत्या. तुरे लाल झालेले, पिसांवर तकाकी, पाठीवर हात ठेवला की पंख किंचित पसरून खाली दबणाऱ्या. अशी तलंग अंड्यावर आलेली नाही हे शक्यच नाही. भिंतीशी एक लाकडी खोका ठेवलेला होता. त्यात दुपारचे ऊन थेट पडत होते. आत कुटार नाही, काही नाही, नुसती फळी आणि फळीवर वाळलेली शीट. घरातल्या पोराला विचारले, "बाबू, सकाळी या कोंबड्या जातात कुठे?" पोराने कडब्याच्या गंजीकडे बोट दाखवले. पेंढ्यांच्या मधल्या फटीत हात घातला तर एकामागून एक एकोणीस अंडी निघाली. काही फुटलेली, बरीचशी सडलेली.

ज्या अंड्यांवाचून त्या तलंगा बाजारात जायला निघाल्या होत्या, ती अंडी घरापासून दहा पावलांवर होती. सासूबाई म्हणाल्या, "खोका ठेवला तरी जात नाहीत मेल्या. हट्टी जात." आमचे म्हणणे वेगळे आहे. हट्ट तलंगेचा नव्हता. चूक खोक्यात होती. तेवढे एकच सांगण्यासाठी हा लेख आहे.

हा आपला विषय आहे काय?

काही भाऊ म्हणतील, कापसाचा उत्पादन खर्च निघत नाही, ज्वारीला बाजारात कोणी विचारत नाही, आणि तुम्ही कोंबडीच्या अंड्यावर काय लिहिता? हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. शेतमालाचा भाव मागितला की "जोडधंदा करा, कोंबड्या पाळा" असा उपदेश करणारे आम्ही पुष्कळ पाहिले. कापसात झालेला तोटा आठ कोंबड्या भरून काढू शकत नाहीत. ज्याने भाव पाडला त्याने कोंबडीकडे बोट दाखवून सुटू नये. भावाची मागणी जागच्या जागी आहे आणि राहील.

पण या कोंबड्या कोणाच्या उपदेशाने आल्या नाहीत. त्या आपल्या आज्या-पणज्यांपासून अंगणात आहेत. कापसाचे पैसे वर्षातून एकदा येतात आणि सावकार, सोसायटी, कृषी केंद्र यांच्याकडे जातात. अंड्याचे पैसे आठवड्याच्या बाजाराला येतात आणि बाईच्या हातात येतात. पोराची वही, म्हातारीची गोळी, चहाची साखर, लेकीच्या घरी जायचे एसटीचे भाडे. कोरडवाहू घरात बाईला कोणापुढे हात न पसरता खर्च करता येतो असा पैसा फार थोडा असतो. त्यातला एक हा.

आपणच हिशेब मांडून पाहू. साधी गावरान कोंबडी वर्षाला साठेक अंडी देते. दहा कोंबड्यांची सहाशे. त्यातली चौथा हिस्सा अंडी गंजीत, धुऱ्यावरच्या झुडपात, गोठ्याच्या अडगळीत गेली तर दीडशे अंडी गेली. अंड्याला दहा रुपये धरले तर दीड हजार रुपये. ज्या घरात एका फवारणीचे पैसे उसने आणावे लागतात, त्या घरात दीड हजार ही लहान रक्कम नाही. आणि ही रक्कम व्यापाऱ्याने लुटलेली नाही, सरकारनेही नाही. ती आपल्याच अंगणात सडली.

अंड्याच्या भावाची लढाई या देशात एकदा झालेली आहे. पूर्वी अंड्याचा भाव व्यापारी ठरवत. डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने 1982 साली अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती उभी राहिली आणि उत्पादक आपला भाव आपण जाहीर करू लागले. माझे अंडे, माझा भाव, माझे जीवन, ही त्यांची घोषणा होती. ती मोठ्या पोल्ट्रीवाल्यांची चळवळ होती, परसातल्या कोंबडीपर्यंत ती आली नाही. पण घोषणेतला पहिला शब्द आपण नीट वाचावा. 'माझे अंडे' म्हणायला आधी अंडे हाती लागले पाहिजे.

तलंगेच्या पोटात काय चालते

तलंग म्हणजे अजून अंडे न दिलेली किंवा नुकतीच अंड्यावर आलेली कोंबडी. गावरान तलंग साधारण सहा-सात महिन्यांनी अंड्यावर येते, ग्रामप्रियासारखी सुधारित थोडी आधी. पहिले अंडे देण्याआधी तास-दोन तास तिचा जीव थाऱ्यावर नसतो. ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाते, मान लांब करून फटीत डोकावते, एका विशिष्ट सुरात कुरकुरते, आत जाते, बाहेर येते. घरच्यांना वाटते कोंबडी बावचळली. ती बावचळलेली नसते. ती जागा शोधत असते.

हा शोध तिच्या मनाचा चाळा नाही, अंगातला धर्म आहे. एडिंबरोच्या कोंबडी संशोधन केंद्रात वुड-गश आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात याचा छडा लावला. अंड्याचा बलक अंडाशयातून सुटतो तेव्हा मागे एक रिकामी पिशवी राहते. अंडे तयार होऊन बाहेर पडायला त्यापुढे साधारण 25 तास लागतात. त्या रिकाम्या पिशवीमुळेच दुसऱ्या दिवशी कोंबडीला जागा शोधण्याची ओढ लागते. ती पिशवी काढून टाकली तर कोंबडी जागा न शोधताच अंडे टाकते. म्हणजे ही ओढ आदल्या दिवशीच तिच्या शरीरात पेरली गेलेली असते. तिला रागावून, हाकलून, उपाशी ठेवून ती बदलत नाही.

तारेच्या पिंजऱ्यातल्या कोंबडीलाही ही ओढ असते. पिंजऱ्यात जागा मिळत नाही म्हणून ती अंडे देण्याआधी येरझाऱ्या घालत राहते. युरोपातल्या देशांनी 1999 साली नियम केला आणि 2012 पासून असे उघडे पिंजरे बंद केले. पिंजऱ्याबाहेरच्या कोंबड्यांसाठी त्या नियमात निदान सात कोंबड्यांमागे एक अंड्याची पेटी सांगितली आहे. जे तिथे कायद्याने करावे लागले, ते आपल्या मोकळ्या अंगणात एका दुपारच्या कामात होते.

आता ती शोधते काय? तिची पूर्वज रानकोंबडी. ती झुडपाखाली जमीन उकरून, पाचोळ्यात लपून अंडी घालायची. म्हणून तलंगेला चार गोष्टी हव्या असतात. अंधार, आडोसा, खाली उकरता येईल असे मऊ काही, आणि शांतता. पाचवी गोष्ट म्हणजे खूण. जिथे आधीच एखादे अंडे पडलेले दिसते ती जागा तिला भरवशाची वाटते. कडब्याच्या गंजीत या पाचही गोष्टी होत्या. उन्हातल्या खोक्यात एकही नव्हती. तलंगेने बरोबर निवड केली होती.

पेटी कशी असावी

फूटभर लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच. एक कोंबडी आत जाऊन वळू शकेल इतकीच जागा. फार मोठी केली तर दोघी-तिघी एकदम शिरतात आणि अंडी फुटतात. समोरून उघडी, पण खालच्या बाजूला चार बोटे उंच पट्टी, म्हणजे कुटार आणि अंडे बाहेर येत नाही. वरून उतरते छप्पर, म्हणजे त्यावर बसून कोणी शीट करत नाही. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते. दहांना दोन करा, सवड असेल तर तीन.

लाकूड विकत आणायची गरज नाही. तुराट्यांचा कुड विणून शेणामातीने लिंपला तर उत्तम पेटी होते. जुनी टोपली आडवी करून पक्की बांधली तरी चालते. पत्र्याचा तेलाचा डबा मात्र विचार करून वापरा. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात पत्रा तव्यासारखा तापतो, तलंग त्यात शिरणार नाही, आणि शिरली तर उष्म्याने हैराण होईल. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. कीटकनाशकाचे खोके, डबे, बियाण्याला औषध चोळलेल्या पिशव्या यांचा पेटीसाठी वापर करू नका. फवारणीच्या विषाने माणसे कशी दगावतात ते यवतमाळ जिल्ह्याने 2017 साली पाहिले आहे. ते विष अंड्याखाली अंथरू नका.

आत तीन-चार बोटे जाडीचे कोरडे कुटार किंवा गव्हांडा घाला. ओले झाले की त्याच दिवशी बदला. घाणेरड्या अंथरुणावरचे अंडे धुवावे लागते, आणि धुतले की कवचावरचा नैसर्गिक लेप जाऊन ते लवकर खराब होते. पेटीच्या फटीत बारीक लाल किडे दिवसा लपतात आणि रात्री कोंबडीचे रक्त पितात. एक दिवस जाणारी कोंबडी दुसऱ्या दिवशी पेटी सोडते तेव्हा आधी फटी तपासा. पेटी रिकामी करून कडक उन्हात ठेवायची, चुन्याने आतून पोतून काढायची, कुटारात थोडी चुलीतली राख मिसळायची. पैसा लागत नाही.

पेटी ठेवायची कुठे? गोठ्याच्या किंवा खुराड्याच्या आतल्या बाजूला, जिथे येणेजाणे कमी, उजेड मंद आणि ऊन-पाऊस लागत नाही तिथे. पहिल्यांदा जमिनीलगत ठेवा. तलंगा रुळल्या की हळूहळू हात-दीड हात उंच करा, म्हणजे मुंगूस, घूस यांचा त्रास कमी होतो. रात्री बसायच्या दांड्या मात्र पेटीपेक्षा उंच हव्यात. कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा निवडते. पेटीच उंच असेल तर ती पेटीत झोपेल, रात्रभर घाण करील आणि सकाळी त्या घाणीत अंडे घालायला जाणार नाही.

सवय कशी लावायची

तलंगेला हुकूम देता येत नाही, जागा दाखवता येते. त्यासाठी वेळ साधावी लागते. पहिले अंडे येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी पेटी जागेवर हवी. तुरा लाल व्हायला लागला ही खूण समजा. उशीर झाला आणि पहिली काही अंडी गंजीत गेली, की तीच तिची जागा होते. मग मोडायला जड जाते.

पेटीत एक खोटे अंडे ठेवा. आपल्या शेतात पांढरी गारगोटी मिळते. अंड्याएवढी, गुळगुळीत पाहून धुऊन ठेवली की काम झाले. जुन्या बाया खरेच अंडे कोळशाची खूण करून मागे ठेवतात. कल्पना बरोबर आहे, पण उन्हाळ्यात ते सडते, आणि फुटले तर कोंबड्यांना अंडे खायची चटक लागते. गारगोटी फुटत नाही.

बहुतेक अंडी सकाळी पडतात. म्हणून पहिले आठ-दहा दिवस तलंगा दहा-अकरापर्यंत खुराड्यात किंवा गोठ्यात पेटीजवळ पाण्यासह ठेवा आणि मग सोडा. त्याच दिवसांत गंजीच्या फटी पेंढ्यांनी बुजवा, अडगळीच्या कोपऱ्यात बोरीची काटी टाका. बाहेर कुठे अंडे दिसले तर लगेच उचला, नाहीतर तेच दुसऱ्या तलंगेला बोलावते. घरात पेटीत जाणारी एखादी जुनी कोंबडी असेल तर तिला तलंगांबरोबर ठेवा. ती शिकवते तसे आपल्याला शिकवता येत नाही. आणि पेटीत बसलेल्या तलंगेला उठवून खाली हात घालू नका. ती बाहेर येऊन कलकल करील, तेव्हा अंडे घ्या. एकदा भ्याली की ती जागा तिच्या मनातून उतरते.

कोणी म्हणेल, लपून अंडी घातली तर काय बिघडले, महिन्याने पिल्ले घेऊन येते. गावरान कोंबडी येते, हे खरे. पण ती रात्री उघड्यावर बसते, आणि पुष्कळदा अंड्यांबरोबर तीही मुंगसाच्या, रानमांजराच्या तोंडी जाते. वनराज, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जाती तर सहसा खुडूक बसतच नाहीत. त्यांची लपलेली अंडी नुसती सडतात. पिल्ले हवी असतील तर पेटीतली अंडी जमवा आणि गावरान खुडकीखाली आपल्या नजरेसमोर रवण घाला.

बाईचा वेळ कोण मोजणार?

आता अडचणीचे बोलू. "दहा-अकरापर्यंत कोंडून ठेवा" असे आम्ही वर लिहिले. पण निंदणाच्या, वेचणीच्या दिवसांत बाई आठ-नऊलाच शेतात निघते. तलंगेची अंडे द्यायची वेळ आणि बाईची घर सोडायची वेळ एकच. मग दार उघडणार कोण, अंडी उचलणार कोण? कागदावरचा सल्ला इथेच मोडतो.

आमचे म्हणणे असे की हे काम घरातल्या दुसऱ्या हाताने करावे. म्हातारे आजोबा ओसरीवर असतात, त्यांनी दार उघडावे. दुपारच्या सुटीत घरी येणाऱ्या पोराने अंडी उचलावी. पेटी पुरुषाने करावी. तुराट्या घरच्या, माती घरची, एक दुपार लागते. घरातली शंभर कामे बाईच्या डोक्यावर असताना ही एकशे एकावी तिच्याच डोक्यावर घालून वर "अंडी देत नाहीत, विकून टाक" म्हणायचे, हा न्याय नाही. आणि पेटी पुरुषाने केली म्हणून अंड्याचे पैसे त्याचे होत नाहीत. ते तिचेच राहिले पाहिजेत. हे आधीच ठरवून घ्या.

आमचीही चूक

शेवटी आमच्याबद्दल. आम्ही कृषी पदवीधर. नोकरीत असताना तलंगांच्या वाटपाला आम्ही हजर राहिलो आहोत. 25 माद्या आणि 3 नर असा गट, अनुदान, सह्या, फोटो. तलंगा मोजून दिल्या. अंडे कुठे घालतील, हा प्रश्न आम्ही एकाही लाभार्थ्याला विचारला नाही, आणि आमच्या वरच्यांनी आम्हाला विचारला नाही. सहा महिन्यांनी अंगणे रिकामी दिसली तेव्हा अहवालात लिहिले, "लाभार्थ्यांची उदासीनता." त्या वाक्याखाली आमची सही आहे.

आज कळते की सासूबाई तलंगेला जे म्हणाल्या, तेच आम्ही शेतकऱ्याला म्हणत होतो. हट्टी जात. आमचा खोका उन्हात, बूड उघडे, आणि आत का येत नाही म्हणून रागावणारे आम्हीच. शेतकरी एखादी योजना नाकारतो तेव्हा त्याने गंजीतली फट का निवडली, हे आधी पाहावे. त्याची निवड बहुधा बरोबर असते.

त्या बाईच्या घरी आम्ही पुन्हा गेलो. तिच्या मालकाने तुराट्यांच्या दोन पेट्या करून गोठ्यात ठेवल्या होत्या, आत गारगोट्या होत्या. आठांपैकी पाच तलंगा पेटीत जात होत्या. दोघी अजून गंजीवर होत्या. एक कुठे जाते ते पोर शोधत होते. सगळ्या एकदम सुधारल्या असे आम्ही सांगणार नाही, तसे होतही नाही. पण तलंगा विकायची भाषा घरात बंद झाली होती.

पुढच्या बैठकीला कापसाचा हिशेब घेऊन याच. त्याआधी एक सकाळ अंगणात बसा आणि आपली तलंग कुठे जाते ते नुसते पाहा. आणि येताना घरच्या बाईलाही बरोबर आणा. तिचा प्रश्न या वेळी चहाच्या आधी घेऊ.